गोव्यात सकाळी ९ ते संध्याकाळी ७ असा १० तासांचा लेओव्हर आहे, सोबत आई-बाबा आणि ८ वर्षांची मुलगी. एअरपोर्टवरच थांबावं की काही बघून होईल?

अजिबात बसून राहू नका, १० तास म्हणजे खूप झाले हो. मी फोंड्याला राहते, आमच्याकडे पाहुणे येत-जात असतात त्यामुळे हे गणित मला पाठ आहे. तुम्ही लिहिलंय की सकाळी ९ ला उतरणार आणि संध्याकाळी ७ ची पुढची फ्लाईट, म्हणजे बाहेर पडणं आणि परत चेक-इन यांचा वेळ वजा करून हातात सरळ सरळ साडेसात तास आहेत.

पण सगळ्यात आधी तिकीट काढून बघा की उतरणार तोच एअरपोर्ट पुढच्या फ्लाईटचाही आहे ना. गोव्यात आता दोन आहेत, वास्कोजवळचा जुना दाबोळी आणि पेडण्याचा मोपा, जो जानेवारी २०२३ ला चालू झाला, आणि दोघांत ६० किलोमीटरच्या वर अंतर आहे. दुसरं म्हणजे दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगा तुम्हालाच घेऊन परत चेक-इन करायच्या आहेत, एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असेल तर सहसा थेट पुढे जातात, काउंटरवर विचारून घ्या.

मी दाबोळी धरून सांगते.

सगळे तुम्हाला बीच सांगतील. मी नाही सांगणार, निदान आई-बाबा सोबत असताना तरी नाही. दुपारचं ऊन, वाळूत चालणं, मुलगी पाण्यात गेली की ओले कपडे आणि मग तसंच फ्लाईटमध्ये बसायचं, कशाला? त्यापेक्षा जुवारी नदीच्या पलीकडे फोंड्याच्या देवळांना जा. आणि का ते पण सांगते, कारण हे गाडीत मुलीला सांगितलंत तर तिला रस्ताभर बघायला काहीतरी मिळेल. तुम्ही ज्या भागात उतरताय ना, हे देव मूळचे तिथलेच. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेरण्याची, शांतादुर्गा केळोशीची, तिन्ही गावं एअरपोर्टपासून फार लांब नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि नदीपार नेले, मंगेशाचं साल १५६० सांगतात. पलीकडे फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांकडे आला तो १७६३ मध्ये, म्हणून देव तिथे राहिले ते आजपर्यंत. तुमची गाडी वेरण्यावरून बोरीच्या पुलाने जाईल, म्हणजे तीच नदी ओलांडून तुम्ही जाताय. मला तरी दर वेळी त्या पुलावर हे आठवतंच.

गाडीचं बघा, ओला-उबर इथे चालत नाही. टर्मिनलमध्ये प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे, नाहीतर गोवामाइल्सचं ॲप. जी घ्याल ती पूर्ण दिवसाची, वेटिंगसकट ठरवा आणि भाव निघायच्या आधी बोला, बॅगा डिकीत राहतील.

साडेनऊला निघालात तर साडेदहाला कवळ्याला शांतादुर्गेपाशी. आताचं देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांनी बांधून घेतलेलं. तिथून मंगेशी, तिथली पांढरी सात मजली दीपमाळ आणि तळी, आणि हो, मंगेशकर हे आडनाव याच गावावरून. पाच मिनिटांवर म्हार्दोळला म्हाळसा, तिथे मुलीला ती पितळेची प्रचंड समई नक्की दाखवा, कासवाच्या पाठीवर उभी आहे आणि थर २१ आहेत, तिला खालून वर मोजायला लावा. बाहेर बायका फुलांच्या फाती, म्हणजे गजरे, घेऊन बसतात, अबोली नाहीतर जायो (जाई), आईंना एक घ्याच. दोन गोष्टी लक्षात असू द्या, शॉर्ट्स नकोत, आणि ११ नंतर प्रांगणातली फरशी चांगलीच तापते, बाबांना अनवाणी चटके बसतील म्हणून शांतादुर्गा सकाळी पहिली घ्या आणि बाकी ठिकाणी कडेकडेच्या सावलीतून चाला.

मागे माझ्या मावशीच्या घरचे असेच मधल्या वेळात आले होते. मावशीच्या सासरचं कुलदैवत शांतादुर्गा, पण लग्नानंतर कधी येणंच झालं नव्हतं. गाभाऱ्यासमोर तिने पदर खोचला, पर्समधून रुमालात बांधलेले सुटे पैसे काढले, एकेक करून ताटात ठेवत राहिली, आणि प्रत्येक नाण्याला घरातल्या एकेकाचं नाव घेत होती, नातवंडांपर्यंत. पुजारी शांतपणे थांबले तिच्यासाठी. तुमचं कुलदैवत इथलं आहे का ते आईंना आधी विचारून ठेवा, खूप मराठी घरांचं असतं.

जेवण फोंडा-म्हार्दोळ पट्ट्यातच उरका. मासे खात असाल तर साधी फिश थाळी, शीत-कडी (भात आणि माशाची आमटी), किस्मूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तिसऱ्यांचं सुकं, बांगडा नाहीतर इसवण, म्हणजे सुरमई. शाकाहारी असाल तरी अडत नाही.

दीडच्या सुमारास ओल्ड गोवा, मंगेशीपासून वीसेक मिनिटं. सगळी चर्च नका करू, दोनच, बॉम जेझू आणि रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल. बॉम जेझू १६०५ चं, बाहेरून गिलावा नाही, नुसता लाल जांभा, आत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत उंचावर ठेवलेलं आहे. आत गार असतं, आई-बाबांना बाकावर निवांत बसू द्या.

परत येताना नवीन जुवारी पूल लागतो, केबलवाला, आगशीहून कुठ्ठाळीला उतरतो. पूर्वी तिथे ट्रॅफिकमध्ये तास तास जायचा, आता बराच सुटसुटीत झालाय, तरी हातात अर्धा तास जास्तीचा ठेवाच.

चारपर्यंत पोचलात तर एअरपोर्टजवळच बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, फक्त सोमवारी बंद. अंगणात खरी विमानं उभी आहेत, विक्रांतवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे सुद्धा, मुलगी खूश होईल. समुद्र बघायचाच असेल तर बोगमाळो तिथून पुढे अगदी जवळ, गाडीतून उतरून पंधरा मिनिटं बघा आणि निघा. पाचला टर्मिनलमध्ये आत, कारण बॅगेज काउंटर तासभर आधी बंद होतात.

आणि तुमचा एअरपोर्ट मोपा निघाला तर हा बेत करू नका, फोंडा तिथून लांब पडतं. तेव्हा पणजी आणि ओल्ड गोवा करा, नाहीतर उलट्या दिशेने सिंधुदुर्गातल्या रेडीचा गणपती, तो १९७६ मध्ये खाणीत सापडलेला, द्विभुज आणि बराच मोठा आहे, आई-बाबांना नक्की आवडेल.