मका हमीभावाखाली का गेला, आणि आपल्या हातात काय आहे?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

खरीप २०२५ चा मका खळ्यावर आला आणि तालुक्यातून फोन सुरू झाले. प्रश्न फिरून फिरून तेच आहेत, म्हणून एकत्रच उत्तरे देतो. काही उत्तरे गोड लागणार नाहीत, पण माल विकायच्या आधी ती कळलेली बरी.

प्रश्न : हमीभाव २,४०० रुपये जाहीर झाला. मग मोंढ्यात मका सोळाशे-सतराशेला का जातो?

दोन वर्षांपूर्वीचे आठवा. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल (पेट्रोलमध्ये मिसळतात ते) करण्यावर केंद्राने मर्यादा घातल्या आणि कारखाने मक्याकडे वळले. मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर ठरला. कोंबडीखाद्यवाले आणि इथेनॉलवाले एकाच मालावर तुटून पडले, आणि २०२४ मध्ये मका हमीभावाच्या वर विकला गेला. तेव्हा देशात मका अपुरा पडतो म्हणून म्यानमार आणि युक्रेनमधून आयातही झाली. ते पाहून आपल्याकडे सोयाबीन आणि कापसाच्या रानात मका आला. देशाचे उत्पादन २०२३-२४ मध्ये सुमारे ३७६ लाख टन होते, ते २०२४-२५ मध्ये ४३४ लाख टनांवर गेले. २०२५ च्या खरिपात पेरा आणखी वाढला.

माल वाढत होता, तेव्हा मागणीची बाजू मात्र बदलत होती. जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांनी द्यायचे ठरले. त्याआधी तो दर २,८०० होता. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्टही गाठून झाले. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांना साधारण १,०५० कोटी लिटर इथेनॉल हवे होते, कारखान्यांनी देऊ केले सुमारे १,७७६ कोटी लिटर. ज्याला आपले इथेनॉलच पूर्ण विकता येत नाही, तो मक्याला चढा भाव कशाला देईल? शेजारी कर्नाटकात गदग, हावेरीकडे शेतकरी याच कारणाने रस्त्यावर उतरले.

सोयाबीनवाल्यांनीही हे लक्षात घ्यावे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, तो डीडीजीएस नावाने पशुखाद्यात जातो. तो स्वस्त मिळू लागल्यापासून सोयापेंडीची मागणी घटली. सोयाबीनचा भाव पडण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक आहे.

हमीभावाचे म्हणाल, तर तो सरकारी खरेदीचा भाव आहे, आणि खरेदीच मर्यादित होते. भरडधान्य हमीभावाने घेतले की ते रेशनवर वाटायचे, असा केंद्राचा नियम आहे. आपल्या राज्यात रेशनवर मका मागणारे किती? म्हणून खरेदीचे उद्दिष्ट लहान राहते आणि केंद्रे उशिरा सुरू होतात. तोवर गरजू शेतकऱ्याचा माल विकला गेलेला असतो. यावर माझे मत स्पष्ट आहे. शेतकऱ्याला इथेनॉलसाठी मका लावायला सांगायचे आणि मका पिकला की त्याच कारखान्यांना गोदामातला तांदूळ स्वस्तात द्यायचा, हे धोरण शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे. खरेदी केंद्र काढणीच्या आधी उघडले तरच त्याचा उपयोग. हे आम्ही वरही कळवतो, तुमच्या ग्रामसभेच्या ठरावातूनही जाऊ द्या.

प्रश्न : निर्यात सुरू झाली तर भाव वाढेल का?

निर्यात बंद नाही. बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर जुलै २०२३ मध्ये बंदी आली होती, तशी मक्यावर नाही. २०२१-२२ मध्ये आपला ३५ लाख टनांच्या वर मका बाहेर गेला, मुख्यतः बांगलादेश, व्हिएतनाम आणि नेपाळला. २०२३-२४ मध्ये तो साडेचौदा लाख टनांच्या आसपास आला, कारण देशातच भाव जास्त होता.

आता उलट हिशेब करू. जगात अमेरिका आणि ब्राझीलचा मका भरपूर आहे आणि दर टनाला २०० डॉलरच्या आसपास फिरतो. डॉलर ८८ रुपये धरला, तर टनाला १७,६०० म्हणजे क्विंटलला १,७६० रुपये, तेही बंदरावर. त्यातून न्हावा-शेव्यापर्यंतचे भाडे, बारदाना, हमाली, व्यापाऱ्याचा नफा वजा करा. म्हणजे निर्यातीने भावाला आणखी खाली जाण्यापासून आधार मिळेल, पण २,४०० मिळवून देणे तिच्या आवाक्यात नाही. जो कोणी तसे सांगतो, त्याला हा हिशेब मांडायला सांगा.

तरी आपल्या मक्याला एक जमेची बाजू आहे. तो जनुकीय बदल केलेला नाही आणि व्हिएतनाम-बांगलादेशला ब्राझीलपेक्षा आपण जवळ आहोत. शेतकरी उत्पादक कंपनीला थेट निर्यातदाराला माल द्यायचा असेल, तर एका वीस फुटी कंटेनरला साधारण २५ टन एकसारखा माल लागतो. दहा जणांचा दहा प्रकारचा ओला-सुका माल एकत्र केला, तर नमुना पहिल्याच तपासणीत नापास होतो. तेव्हा कंपनीच्या सभासदांनी आधी ओलावा एकसारखा करावा, मग निर्यातदाराचे दार ठोठवावे.

प्रश्न : व्यापारी मॉइश्चरच्या (ओलाव्याच्या) नावाखाली मनाला येईल तेवढे कापतो. काय करावे?

सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

हमीभावाने खरेदीला ओलावा १४ टक्क्यांपर्यंत चालतो. सोंगणीच्या वेळी दाण्यात २० ते २५ टक्के असतो. तो वाळून १४ वर आला की वजन किती घटते, हे ठरलेले आहे. २५ टक्क्यांचा एक क्विंटल वाळून ८७ किलो भरतो, २० टक्क्यांचा ९३ किलो, १८ टक्क्यांचा ९५ किलो. एवढी घट खरी, त्यापेक्षा जास्त कापले तर ती लूट.

समजा तुमचा मका २० टक्क्यांचा आहे आणि व्यापारी ओल्याला १,४५० देतो. वाळलेला १,७०० ने जातोय. तर ९३ किलोचे १,५८१ रुपये होतात. क्विंटलमागे १३१ रुपये जास्त, त्यातून वाळवणीची मजुरी वजा करा. पण वाळलेल्यालाही १,५५० च मिळत असेल, तर ९३ किलोचे १,४४२ होतात, मग वाळवण्याचा खटाटोप करू नका. हा हिशेब दर आठवड्याला करावा लागतो, कारण ओल्या-सुक्या भावातला फरक बदलत राहतो.

भाव आधीच ओल्याचा लावायचा आणि वर पोत्यामागे किलो-दोन किलो कडता (वजनातली कपात) धरायचा, म्हणजे एकच गोष्ट दोनदा कापणे. हे मान्य करू नका. मशीनचा आकडा डोळ्यांनी पाहा, नमुना चार-पाच पोत्यांतून काढायला लावा, आणि आकडा काटापट्टीवर लिहून घ्या. व्यापारी गावात येऊन माल घेतो त्या खेडा खरेदीत तर हे फारच जपा.

मशीन घरी नसले तरी अंदाज घेता येतो. काचेची कोरडी बाटली घ्या, त्यात पाव भाग दाणे टाका, वर चार चमचे तव्यावर तापवून गार केलेले मीठ टाका. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटे राहिले, तर माल काट्यावर न्यायला हरकत नाही.

वाळवण ताडपत्रीवर, दोन इंचांपेक्षा जाड थर नको, दिवसातून तीन-चारदा हलवा, संध्याकाळी झाका. डांबरी रस्त्यावर पसरू नका; खडा-मातीही मिसळते आणि अपघातही होतात. मळणी फार ओल्या कणसांची केली की दाणा फुटतो, आणि फुटक्या दाण्याला बुरशी आधी लागते.

प्रश्न : कणसाच्या शेंड्याला हिरवट-पिवळी पूड दिसते. मळणीत गेली तर चालेल का?

नाही. ती बहुधा अ‍ॅस्परजिलस बुरशी. अळीने पोखरलेल्या कणसात आणि पावसात सापडलेल्या मालात ती जास्त येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. आपल्या देशात धान्यातली त्याची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अख्ख्या टनात १५ मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. युरोपात थेट खाण्याच्या धान्याला ती ४ आहे. थोडी बुरशीची कणसे मळणीत गेली, तरी पूर्ण ढीग नापास होऊ शकतो.

माल नंतर कितीही वाळवला तरी तयार झालेले विष जात नाही, शिजवूनही जात नाही. म्हणून सोलतानाच अशी कणसे वेगळी टाका आणि खड्ड्यात पुरा. गाई-म्हशींना तर अजिबात घालू नका, विष दुधात उतरते आणि ते दूध तुमचीच लेकरे पितात.

प्रश्न : आत्ता विकू की थांबू?

देणे भागवण्यापुरता माल विकावा. उरलेला १२ टक्क्यांपर्यंत वाळवून, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचून ठेवावी. पैशाची नड असेल, तर पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीत माल ठेवून ६ टक्के व्याजाने १८० दिवसांपर्यंत कर्ज मिळते. क्विंटलमागे १,००० रुपये उचलले, तर चार महिन्यांचे व्याज २० रुपये होते. वखार महामंडळाच्या पावतीवरही बँका कर्ज देतात. तुमच्या समितीत मक्याला किती रक्कम देतात, ते तिथे विचारून घ्या.

भाव वाढेलच असे वचन मी देणार नाही. एक तारीख मात्र ध्यानात ठेवा. एप्रिलपासून बिहारचा रब्बी मका पूर्णियाच्या गुलाबबाग बाजारात उतरू लागतो, आणि तो आला की देशभर पुरवठा वाढतो. तेव्हा थांबायचे असले तरी मार्चच्या पुढे थांबू नये.

आणि विकायचे ठरले असो वा नसो, हमीभाव केंद्रावर नोंदणी करून ठेवा. सातबारा, ई-पीक पाहणीत मक्याची नोंद, आधार आणि बँक पासबुक लागते. ई-पीक पाहणीत चुकून दुसरेच पीक लागले असेल, तर तलाठ्याकडे याच आठवड्यात जा, केंद्र सुरू झाल्यावर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.