मटण सोडू का, ताई?

प्रश्न : ताई, मी साखर पेठेत राहतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. वय ५१, वजन ७० किलो. परवा तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८ निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि खाण्याकडं बघा म्हणाले. आमच्यात रविवारचं मटण ठरलेलं. पाऊण किलो आणतो, खाणारी चार माणसं, उरलेला रस्सा सोमवारी पावाबरोबर. मेहुण्यानं मागं माळ घातली. तो म्हणतो, "दाजी, मटण सोडा, गोळीबी सुटंल." पोरगा जिमला जातो. तो म्हणतो, "पप्पा, मटण सोडलं तर प्रोटीन कुठनं आणणार?" श्रावण तोंडावर आलाय. श्रावणापुरतं सोडू का कायमचं, एकदाच काय ते सांगा. (कधीमधी तंबाखूचा मावा खातो. डॉक्टरांना बोललो नाही.)

उत्तर : कंसातलं आधी घेते. मटणाचा निकाल लागायच्या आत मावा सुटला पाहिजे. तंबाखूनं रक्तवाहिन्यांचं जे होतं, ते आठवड्याच्या मटणाच्या वाटीनं होत नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा. पुडी खिशात ठेवून "मटण सोडू का" विचारणारे माझ्याकडं बरेच येतात. मटण सोडलं की घरात कौतुक होतं, मावा सोडला तर कुणाला कळतही नाही, म्हणून असेल.

आता मटण. पाऊण किलोतून हाडं वजा केली तर माणशी साधारण सव्वाशे ग्रॅम आलं, तेही आठवड्यातून एकदा. एवढ्यानं एलडीएल १५८ वर गेलं असं मी म्हणणार नाही. त्यात घराण्याचा वाटा असतो, वजनाचा असतो, रोजच्या खारी-फरसाणाचा असतो. बोकडाचं मटण मात्र रेड मीटमध्येच मोडतं. ते फक्त बीफला म्हणतात, असा आपल्याकडं समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली रेड मीटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं आणि सॉसेज, सलामी, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला 'कर्करोगकारक' ठरवलं. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशोब आहे. म्हणजे रविवारच्या पातेल्याआधी पोराच्या फ्रीजमधलं चिकन सॉसेजचं पाकीट बाहेर काढा. जिमचं खाणं म्हणून ते बऱ्याच घरांत शिरलंय.

तुमच्या प्रश्नातली खरी गोष्ट आहे चरबी, आणि ती डोळ्यांनी बघता येते. शनिवारी रात्रीच मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून आळणी, म्हणजे मसाल्याशिवाय, शिजवून घ्या. कोमट झालं की पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी झाकण काढलं की वर पांढरा थर धरलेला दिसेल, गार तुपासारखा, कडेला जरा जाड. ती बोकडाची चरबी. चमच्याची कड घातली की पापुद्र्यासारखी उचलून येते. ती टाकून द्या. खालचं आळणी पाणी आणि फोडी शिल्लक राहतात, त्यावर नेहमीसारखं काळ्या मसाल्याचं वाटण घाला. चव मसाल्यात आणि आळणीत असते, त्या थरात फारशी नसते. पहिल्या रविवारी घरी सांगू नका, ओळखतं का कुणी ते बघा. राहिली वरची लाल तर्री. ती तेलाची. एका पळीची अर्धी पळी करा. वजडी, मुंडी, कलेजी सणावारापुरती ठेवा, त्यात कोलेस्टेरॉल भरपूर.

सोमवारचा रस्सा-पाव बंद. पाव मैद्याचा, रस्सा सगळा तर्रीचा, त्या ताटात मटण नावालाच उरलेलं असतं.

मेहुण्यांचं काय? माळ घातली, वारी करतात, चांगलंच आहे. मटणाबरोबर रात्रीची बाटलीही सुटली असेल तर वजन उतरणारच, त्याचं श्रेय एकट्या शाकाहाराला देऊ नये. इंग्लंडमध्ये ४८ हजारांवर माणसांवर सुमारे १८ वर्षं लक्ष ठेवून झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात शाकाहारी लोकांना हृदयविकार मांसाहारींपेक्षा २२ टक्के कमी आढळला, पण पक्षाघात २० टक्के जास्त. ती माणसं तिकडची, खाणं तिकडचं. आपल्याकडं जन्मापासून मटणाला हात न लावलेली आणि तरी साखर, बीपी, स्टेंट सगळं घेऊन बसलेली माणसं सोलापूरच्या कुठल्याही दवाखान्यात भेटतील. ताटातून काय गेलं, यापेक्षा त्या जागी काय आलं ते मी आधी विचारते.

श्रावणात काय येतं? साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही. मग तळलेले पापड, सणाची पुरणपोळी, श्रीखंड-पुरी. महिनाभर मटण नाही आणि गणपतीपर्यंत वजन दोन किलोनं वर, असे लोक मला दरवर्षी भेटतात. सोमवारी उपास असेल तर भगर आणि ताक घ्या, फळ खा, खिचडी छोट्या वाटीत.

मेहुण्यांना माझ्याकडून एक निरोप द्या. तळपायाला मुंग्या येतात का, विसरायला होतं का, विचारा. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. ते मटण, मासे, अंडी आणि दुधा-दह्यातून येतं. शरीरात त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळं माळ घातल्यावर लगेच काही जाणवत नाही, कमतरता नंतर सावकाश दिसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ती आणखी लवकर येते. रक्ताची एक तपासणी पुरते. कमी निघालं तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील, माळेला धक्का लागत नाही.

आणि तुमची गोळी. ती मेहुण्यांच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. साधारण तीन महिन्यांनी परत तपासा, कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

पोराचा प्रश्न खरा आहे, पण मटणापाशीच अडलाय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणं साध्या माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे तुमच्या ७० किलोला ५८ ग्रॅम. ज्वारीच्या चार भाकरी म्हणजे पाव किलो पीठ, त्यातून सुमारे २५ ग्रॅम. दोन वेळची मिळून ६० ग्रॅम डाळ किंवा मटकी, त्यातून १३-१४. मूठभर शेंगदाणे ७, पाव लिटर दूध-दही ८. गाडी ५३-५४ ला आली. एक अंडं टाकलं की ६ आणखी, झालं. पण हे डाळीसकट झालं, बरं का. आपल्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी यावर दिवस काढणारी घरं आहेत. मंगळवेढ्याची ज्वारी कितीही नामांकित असली तरी तिच्यात लायसिन नावाचा प्रोटीनचा घटक कमी, आणि शेंगदाण्यातही तो बेताचाच. तो भरून काढतात डाळी, मटकी, हुलगे. म्हणून भाकरीबरोबर आमटी रोज हवी, आणि ती घट्ट हवी. हुलग्याची शेंगोळी आठवड्यातून एकदा करा. करमाळ्याकडची बाजार आमटी करून बघा, चार-पाच डाळी आणि काळा मसाला, रविवारच्या तोंडाला ती चालते.

तर माझं सांगणं असं. श्रावण पाळा. पुढं महिन्यातले दोन रविवार मटण, एक रविवार उजनीचा मासा, चिलापी किंवा मरळ, कालवण करून, तळून नाही, आणि एक रविवार बाजार आमटी. कायमचं सोडायचं तर मनानं घ्या, भक्तीनं घ्या, मी आडवी येणार नाही. फक्त एलडीएलच्या भीतीनं सोडलेलं मटण लग्नसराईत परत येतं, हे बघून ठेवलंय.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, हिमोग्लोबिन ९. शेजारीण म्हणते कलेजी द्या. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. काय करावं? (एक आई, जोडभावी पेठ)

उत्तर : कलेजीची गरज नाही, गोळीची आहे. या वयात १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि ९ वरून नुसत्या खाण्यानं वर यायला फार वेळ लागेल. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी सांगितलेले सगळे महिने घ्या. शौचाला काळं झालं म्हणून मध्येच थांबवू नका, तसं होतंच. पाळी जास्त जाते का, तेही त्यांना सांगा. मांसातलं लोह शरीर सहज घेतं, भाजी-डाळीतलं कमी घेतं, हे शेजारणीचं बरोबर. त्यावर उपाय लिंबू. मोड आलेल्या मटकीवर पिळा, आमटीत पिळा, किंवा जेवणात पेरू ठेवा. जेवण झाल्या झाल्या चहा मात्र नको, तो लोह अडवतो. तास-दीड तास जाऊ द्या. सोलापुरात हे सांगणं सोपं, पाळणं अवघड, ठाऊक आहे.

प्रश्न : वसतिगृहात राहतो. अंड्यातला पिवळा बलक टाकून द्यावा का? आणि श्रावणात अंडं चालतं का?

उत्तर : बलक टाकू नका. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व मुख्यतः त्यातच असतं. तब्येत चांगली असेल तर दिवसाला एक आख्खं अंडं खुशाल खा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आईला विचारा.