टेकडीवरचं गवत काढून झाडं लावू का?

प्रश्न : आमचा ग्रुप दर रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जातो. गवत साफ करून दाट झाडं लावली तर पाणी जास्त मुरेल ना?

उत्तर : उत्साह छान आहे हो, पण गवताला हात लावू नका! टेकडीवर खाली काळा बसाल्ट खडक आणि वर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी जेमतेम वीतभर, आणि ती माती धरून कोण ठेवतं तर गवताच्या मुळांचं बारीक जाळं. मोज्यात घुसून छळणारी ते कुसळी गवत उपटून बघा, एकच ठोंब, मुळाला केवढी माती चिकटून येते! पावसाचा मारा आधी पात्यांवर बसतो, पाणी सावकाश वाहतं, मुळांच्या आणि किड्यांच्या भोकांतून आत शिरतं, तिथून खडकाच्या भेगांत. उघड्या मातीवर मात्र थेंब आपटून पापुद्रा धरतो आणि पाणी गढूळ होऊन सरळ खाली पळतं. झाडं पाणी मुरवतात तशी पितातही, काही पाऊस तर पानांवरूनच उडून जातो. आणि गिरिपुष्प या परदेशी झाडाच्या दाट सावलीत गवत टिकत नाही हे टेकडीवरच दिसतं की. लावायचंच असेल तर ओघळीच्या कडेला, माती खोल आहे तिथे, चार देशी झाडं लावा.