गिटार आधी माळ्यावरून खाली काढा

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत ५८ टक्के. गेले आठ महिने तो घराच्या मागच्या पडवीत स्वतःच्या हातांनी इलेक्ट्रिक गिटार बनवतोय. जेईईचा क्लास बुडवतो म्हणून वडिलांनी जूनमध्ये ती अर्धवट गिटार हत्यारांसकट माळ्यावर टाकली आणि परीक्षा होईपर्यंत हात लावायचा नाही असं बजावलं. तेव्हापासून तो घरात कोणाशी बोलत नाही. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन त्याला जेईईच्या क्लासांसाठी राजस्थानात कोट्याला पाठवावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

कोट्याला पाठवू नका. जो मुलगा महिनाभर आपल्याच घरात गप्प आहे, त्याला परगावी एका खोलीत एकटा ठेवायचा विचारही मनात आणू नका. टक्क्यांचं पुढे बघता येईल. मला काळजी वाटते ती या गप्प राहण्याची.

तुमच्या चार पानी पत्रात मुलाच्या तोंडचं एकच वाक्य आहे. तुम्ही गिटार वर टाकत होता तेव्हा तो म्हणाला, "बाबा, नेक वाकेल." नेक म्हणजे गिटारची लांब मान, जिच्यावरून तारा जातात. तुम्ही ते वाक्य उद्धटपणा म्हणून लिहिलंय. पण तो बरोबर सांगत होता. पॉलिश न चढवलेलं लाकूड जुलैच्या हवेत पाणी ओढतं, फुगतं. नेक आडवीतिडवी पडून राहिली तर तिला पीळ पडतो. नुसता बाक आला तर आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, आवळून तो काढता येतो. पीळ बसला की ती नेक गेली. सहा तारा सुरात लावल्या की त्या नेकवर चाळीसेक किलोचा ताण येतो. त्यातून उभी राहणारी वस्तू बनवायला निघालेला मुलगा त्या क्षणीही स्वतःची बाजू मांडत नव्हता, लाकडाची काळजी करत होता.

आणि हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. तिसऱ्या पानावर, कंसात, तुम्ही लिहिलंय: 'आमच्या घरात तीन पिढ्यांनी रंधा मारला. मी शिकलो म्हणून वीज खात्यात लागलो. आता हा परत तिथेच चाललाय आणि माझे वडील त्याला सामील आहेत.' तुमचं खरं पत्र हे एवढंच आहे असं मला वाटतं. लहानपणी वडिलांबरोबर लोकांच्या घरी दारं-खिडक्या बसवायला गेलात तेव्हा काय काय सोसावं लागलं असेल, मजुरीसाठी किती खेपा घातल्या असतील, याची मला कल्पना आहे. त्यातून बाहेर पडायला तुम्ही जिवाचं रान केलंत. मुलाच्या हातात तोच रंधा बघून पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण ती भीती तुमची आहे. त्याच्या आजोबांनी पोटासाठी रंधा धरला, त्याने आवडीने धरलाय. आजोबांच्या आयुष्याचा हिशोब नातवाच्या नावावर मांडू नका. आणि आजोबा सामील आहेत ही तक्रार कसली? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्याकडे कोणीतरी शिकायला आलंय.

आता तुमचा एक गैरसमज. 'गिटारच्या नादाने उद्या हॉटेलात, बँडमध्ये वाजवत फिरेल,' असं तुम्ही लिहिता. गिटार बनवणं आणि वाजवणं ही दोन वेगळी कामं आहेत. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणणारे लिओ फेंडर अकाउंटन्सी शिकलेले होते, आधी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होते आणि त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. बनवणाऱ्याला लागतं ते सुतारकाम, मोजमाप आणि विजेचं ज्ञान. वीज तर तुमच्याच खात्यातली. रात्री दोन वाजेपर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन पट्टीवर रेघा मारत बसतो, ही तुमची तक्रार मी त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून वाचली. त्या रेघा म्हणजे फ्रेटच्या, नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागा. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली तर तिला १७.८१७ ने भागायचं. पहिला फ्रेट ३६.३७ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, असं करत बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ वर पडला पाहिजे. अकरावीच्या पुस्तकातलं जिओमेट्रिक प्रोग्रेशन ते हेच. केसाहून बारीक तांब्याची तार लोहचुंबकाभोवती सात-आठ हजार वेढे गुंडाळून पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनातून वीज तयार करणारा भाग, बनवतात, तिथे बारावीचा इंडक्शनचा धडा आहे. त्याच्या फिजिक्सच्या सरांना एकदा ही गिटार दाखवा.

'कुठलंच काम पुरं करत नाही,' असंही लिहिलंय. त्याच पानावर खाली आहे की पिकअपसाठी खाच खोदताना फळी फुटली, तो रडला, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या घराच्या दाराची फणसाची फळी आणून पहिल्यापासून सुरुवात केली. तुम्ही ते 'लाकडाची नासाडी' या सदरात टाकलंय.

मार्गांबद्दल एवढंच: जेईईतून फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज, नाहीतर डिप्लोमा, हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्याच्या जोडीला एनआयडी आणि यूसीड या डिझाइनच्या प्रवेश परीक्षा त्याने नक्की द्याव्यात. हाताने वस्तू घडवणाऱ्या मुलांसाठी ती खरी जागा आहे. आयटीआयची लाज वाटते म्हणून तो पर्याय तुम्ही खोडलात, तो मी पुन्हा लिहिते.

मुलालाही सांगा, म्हणजे हा भाग त्यालाच वाचू द्या. बाळा, एका गिटारवर करिअर होत नाही. दहा हजारांच्या आत कारखान्यातली इलेक्ट्रिक गिटार मिळते. तुझ्या महिनोन्महिन्यांच्या मेहनतीची किंमत देणारं गिऱ्हाईक सुरुवातीला मिळणार नाही. गोव्यात वाजवणारे भरपूर आहेत आणि खाऱ्या हवेने त्यांच्या तारा, स्क्रू गंजतात, पावसाळ्यात नेक हलतात. फ्रेट घासणं, नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बदलणं, सेटअप म्हणजे तारांची उंची आणि सूर जुळवणं, ही दुरुस्ती आधी शीक, पैसे तिथे आहेत. आणि गणित सोडू नकोस. क्लास बुडवणं मला मान्य नाही.

वडिलांनो, वेळापत्रकाचा प्रश्न पावसानेच सोडवलाय. पावसाळ्यात लॅकर, म्हणजे लाकडावरचं चकचकीत वार्निश, मारला की दमट हवेने तो दुधासारखा पांढरा पडतो, हे तुमच्या वडिलांना विचारा. फ्रेंच पॉलिशचंही तेच. म्हणजे दिवाळी होऊन हवा कोरडी पडेपर्यंत गिटारला रंग लागणारच नाही. तोवर रोज अभ्यास, रविवारी दुपारी घासकाम. १२० नंबरच्या सँडपेपरपासून सुरुवात करून ३२०, ४०० पर्यंत. या कामात घाई चालत नाही. एखादा आडवा ओरखडा राहिला तर कोऱ्या लाकडावर तो दिसत नाही, पहिला हात मारला की उठून दिसतो, आणि मग सगळं खरवडून पुन्हा. मुलाच्या अंगात हे काम आहे की नुसती हौस, ते तिथे कळेल. माळ्यावर ठेवून कळणार नाही.

या रविवारी शिडी लावा आणि ती तुम्ही स्वतः खाली काढा, त्याला काढायला सांगू नका. नेक सपाट जागी ठेवा, कपाटात बुरशी येऊ नये म्हणून आपण बल्ब लावतो तशा कपाटात ठेवली तर उत्तम. पीळ पडला आहे का, ते एका टोकाकडून डोळा लावून बघा. तुम्हाला ते बघता येतं. पीळ दिसला तर त्याला तसं सांगा, आणि नवी नेक करायला सागाची फळी आणून द्या.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की तिघंही मला भेटायला या. आजोबांनाही घेऊन या. गिटार जशी असेल तशी आणा.