तिन्ही भाग जी मायनरमध्येच, मग मधलाच इतका उदास का?

प्रश्न : विवाल्डीचा दोन चेलोंसाठीचा, जी मायनर या स्वरपट्टीतला कॉन्चेर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, विवाल्डीच्या रचनांच्या यादीत आर. व्ही. ५३१) आम्ही दोघी मैत्रिणी बसवत आहोत. मधल्या लार्गोपाशी, म्हणजे संथ भागापाशी, गाडी अडली आहे. तिला तो अगदी संथ हवा आहे. जी मायनर म्हणजे दुःख, असं तिचं म्हणणं. पण तिच्या लयीत वाजवायला गेलं की वाक्य पुरं व्हायच्या आत माझा गज संपतो. रेकॉर्डिंग ऐकावीत, तर प्रत्येकाची लय निराळी. खरी लय कशी ठरवायची?

उत्तर : मैत्रिणीला संथ वाजवावंसं का वाटतं ते मला कळतं, पण तिने दिलेलं कारण मला पटत नाही. ते कारण खोडून काढायला दुसरीकडे जायलाच नको, हाच कॉन्चेर्टो पुरे. अलेग्रो (जलद), लार्गो, अलेग्रो असे याचे तीन भाग, आणि तिन्ही जी मायनरमध्ये. पहिल्या भागात ऑर्केस्ट्राची प्रस्तावनाच नाही. दोन चेलो थेट घुसतात आणि एकमेकांच्या पाठीला लागतात. तिथे दुःखाला बसायलासुद्धा जागा नाही, नुसती तगमग आहे. शेवटच्या भागात जोर आहे, ठसका आहे. स्वरपट्टी तीच, आणि भाव तीन.

विवाल्डीच्या काळच्या जाणकारांचंही यावर एकमत नव्हतं. फ्रान्समध्ये संगीतकार शार्पांतिएने जी मायनरला गंभीर आणि भव्य म्हटलं. हॅम्बुर्गचा संगीतकार आणि लेखक मॅथेसन याने १७१३मध्ये तिला सगळ्यांत सुंदर स्वरपट्ट्यांमध्ये बसवलं आणि तिच्यात गांभीर्याबरोबर लाघवही आहे असं सांगितलं. निव्वळ शोक दोघांनीही सांगितलेला नाही.

मग लार्गो काळजाला का भिडतो? सगळ्यात आधी, इथे ऑर्केस्ट्रा गप्प होतो. राहतात फक्त दोन चेलो आणि त्यांच्याखाली कंटिन्युओ, म्हणजे खालच्या सुरांची साथ. वर व्हायोलिनचं छप्पर नाही, सगळे आवाज मध्यात आणि खाली. अशा मोकळ्या जागेत एक चेलो बोलतो आणि दुसरा त्याला उत्तर देतो. दुसरं असं, की चेलोवर जी आणि डी या मोकळ्या तारा आहेत. म्हणजे या स्वरपट्टीचा पहिला आणि पाचवा स्वर वाद्यात आधीच बसलेला आहे. डीच्या तारेवर जी नीट सुरात दाबा, शेजारची मोकळी जीची तार आपोआप गुणगुणू लागते. याउलट याच स्वरपट्टीतले बी फ्लॅट आणि ई फ्लॅट बोटानेच घ्यावे लागतात, त्यांना ती गुंज मिळत नाही. जी मायनरचा हळवेपणा माझ्या मते इथे आहे, वाजणाऱ्या आणि दबलेल्या स्वरांच्या या फरकात.

हे हाताने अनुभवायचं असेल तर ई फ्लॅट डीवर उतरतो ती जागा घ्या. डीच्या तारेवर ई फ्लॅटसाठी पहिलं बोट मागे ताणावं लागतं. तिथून बोट नुसतं उचललं की मोकळा डी खणकन वाजतो आणि उसासा टाकायच्या ऐवजी दार आपटल्यासारखं होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, भार ई फ्लॅटवर द्या आणि डीवर येताना गज हलका करा. तरीही जमत नसेल तर हात वर सरकवून दोन्ही स्वर जीच्या तारेवर घ्या. आवाज लगेच मऊ होतो.

आता लय. हस्तलिखितात लयीचा आकडा नाही आणि असणारही नाही. मेल्झेलने मेट्रोनोमचं, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं १८१५मध्ये, विवाल्डी गेला १७४१मध्ये. बासरीवादक क्वांट्झने १७५२च्या आपल्या बासरीच्या ग्रंथात नाडीवरून लय मोजायला सांगितलं, मिनिटाला साधारण ८० ठोके धरून. चार मात्रांच्या गाण्यासारख्या अडाज्योमध्ये (संथ भागामध्ये) तो अर्ध्या मात्रेला एक ठोका देतो, म्हणजे मात्रा ४०ला येते. तेव्हा मैत्रिणीची लय अगदीच हवेतली नाही. पण क्वांट्झ बर्लिनचा आणि विवाल्डी व्हेनिसचा, म्हणून तो आकडा इथे जसाच्या तसा मी लावणार नाही.

मी खालच्या सुराला विचारते. तुमच्या साथीला हार्प्सिकॉर्ड (तारा छेडणारं कळवाद्य) असेल तर दोघी वाजवायच्या थांबा आणि फक्त कंटिन्युओ ऐका. हार्प्सिकॉर्डचा स्वर छेडला की लगेच विरायला लागतो. पुढचा स्वर येईपर्यंत मध्ये पोकळी पडत असेल, तर लय फार खाली गेली आहे. मग त्याच साथीवर तुमची ओळ गाऊन बघा, एका श्वासात एक वाक्य. दम जिथे पुरतो तिथे बहुधा गजही पुरतो. तुमचा गज संपतो हा तुमच्या हाताचा दोष समजू नका, तो मैत्रिणीला दाखवायचा पुरावा आहे. आणि शेवटची कसोटी दोघींची मिळून : पहिलीचं वाक्य कानात ताजं असतानाच दुसरीचं उत्तर यायला हवं. तेवढं साधलं की लय दोन-चार आकडे इकडेतिकडे झाली तरी मी हरकत घेणार नाही.

प्रश्न : आमचा गट ए हा स्वर ४१५ हर्ट्झला लावतो, आजच्या ४४०पेक्षा अर्धा स्वर खाली. म्हणजे आमचा जी मायनर आजच्या हिशेबाने एफ शार्प मायनर झाला. भाव बदलतो का?

उत्तर : भाव नाही, पोत बदलतो. तारा अर्धा स्वर उतरल्या की ताण कमी होतो, आवाज जरा सैल आणि गडद येतो. पण चारही तारा सारख्याच उतरतात, त्यामुळे मोकळा जी आणि मोकळा डी आपापल्या जागी राहतात आणि वर सांगितलेली गुंज तशीच मिळते. ४१५ ही आजच्या वादकांनी सोयीसाठी ठरवलेली सुराची उंची आहे. विवाल्डीच्या व्हेनिसमधली उंची याहून वरची, आजच्या ४४०च्या आसपासची होती. एवढीच काळजी घ्या, तारा उतरवल्यावर लगेच तालमीला बसू नका. आतड्याच्या तारा असतील तर त्या स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा लावाव्या लागतात, आणि लार्गोमध्ये घसरलेला डी पहिल्याच ओळीत कानाला टोचतो.