मुकी फाइल, बोलका स्पीकर

प्रश्न: रात्री झोपताना मोबाइलवरून ब्लूटूथ स्पीकरवर 'सायलेंट सबलिमिनल' ऑडिओ लावते, म्हणजे ऐकू न येणारी वाक्यं नकळत मनावर बिंबवण्याचा दावा करणारी फाइल. त्यात काहीही ऐकू येणार नाही असं फाइलसोबत लिहिलं होतं. तरी स्पीकरमधून बारीक चिरचिर येते, मध्येच 'टक्' होतं, आणि आवाज वाढवला की कुणी कुजबुजल्यासारखं वाटतं. मला फारसं जाणवत नाही, पण दहा वर्षांचा मुलगा कान झाकून घेतो. स्पीकर गेला का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: स्पीकर बहुधा ठणठणीत आहे, आणि मुलगा खरं सांगतोय. अशी फाइल मुळात मुकी नसतेच. बोललेली वाक्यं साधारण १४ ते १८ हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) वाहक लहरीवर, म्हणजे शब्द वाहून नेणाऱ्या अतिशय बारीक सुरावर, चढवलेली असतात. ऑलिव्हर लोअरी यांना १९९२ साली अमेरिकेत मिळालेल्या पेटंटमधली हीच युक्ती. वय वाढेल तसे वरच्या पट्टीतले बारीक सूर आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे पन्नाशीच्या माणसाला १५ हजार हर्ट्झ बहुधा ऐकूच येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला मात्र ती टोचणारी शिट्टी वाटते. घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यालाही ती स्पष्ट ऐकू जाते.

आवाज फाइलमधून येतोय की यंत्रातून, हे आधी ठरवा. संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात ६० सेकंदांची पूर्ण शांतता तयार करून वेव्ह स्वरूपात साठवा आणि तीच फाइल त्याच स्पीकरवर, त्याच आवाजात लावा. तरीही 'सस्स' किंवा 'भूं' ऐकू आलं तर दोष ॲम्प्लिफायर, तार किंवा वीजपुरवठ्याचा. एकदम शांत झालं तर दोष फाइलमध्ये किंवा तिच्या प्रवासात आहे. तुमच्या वर्णनावरून ही दुसरी शक्यताच खरी वाटते.

मग ब्लूटूथ बंद करा आणि तारेने जोडून बघा. ब्लूटूथवर सर्रास वापरला जाणारा एसबीसी कोडेक (आवाज आकसून पाठवण्याची पद्धत) आवाजाचे सहसा ८ पट्टे करतो आणि प्रत्येक पट्टा सुमारे २,७५० हर्ट्झचा असतो. वरच्या पट्ट्यांना तो कमी बिट, म्हणजे कमी माहिती, देतो, कारण गाण्यात तिथे फारसं काही नसतं. तुमच्या फाइलमध्ये मात्र सगळा ऐवज तिथेच! त्यामुळे त्या पट्ट्यात खरखर पसरते, आणि ती झाकायला खाली गाणंही नसतं. तारेवर चिरचिर थांबली तर कारण सापडलं.

तारेवरही राहिली तर फाइलचा प्रकार बघा. १२८ केबीपीएसची एमपीथ्री बनवणारे बरेच एन्कोडर १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचं सरळ कापून टाकतात आणि त्याच्या अलीकडचं तुकड्या-तुकड्यांनी ठेवतात. पाखरांच्या किलबिलाटासारखा येणारा आवाज तो हाच. ऑडॅसिटीत फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम दृश्य (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) लावा: १६ हजारांवर सरळ रेघ मारल्यासारखा काळोख दिसला तर वाक्यांचा भाग आधीच कापला गेलाय. एमपीथ्रीची वेव्ह करून तो परत येत नाही, आवाज न कापता साठवलेली मूळ वेव्ह किंवा फ्लॅक फाइलच मिळवावी लागते.

कुजबुज ऐकू येणं हे जास्त आवाजाचं लक्षण. इक्वलायझर, बास बूस्ट किंवा आवाज वाढवणारं ॲप चालू असेल तर लहरीची टोकं कापली जातात आणि तिच्या हर्ट्झच्या पटीतल्या नव्या लहरी तयार होतात. १५ हजारांची तिप्पट ४५ हजार. फाइल ४४,१०० हर्ट्झच्या नमुनादराची (सेकंदाला आवाजाच्या तितक्या नोंदी) असेल तर ती पट त्यात मावत नाही, उलटी दुमडून ९०० हर्ट्झवर उतरते, आणि ९०० हर्ट्झ कुणालाही ऐकू येतो. शिवाय ॲम्प्लिफायर आणि स्पीकरमधली वक्रता, म्हणजे लहर जशीच्या तशी न उमटवण्याचा दोष, वाहक लहरीवर चढवलेलं बोलणं थोडं थोडं खाली सोडवते. म्हणून शब्द अर्धवट लागतात. सगळे 'साउंड इफेक्ट' बंद करा. ऑडॅसिटीत ॲम्प्लिफाय आदेशाने फाइल १२ डेसिबलने खाली आणा आणि फोनचा आवाज निम्म्यावर ठेवा.

'टक्' बहुतेक वेळा दोन ठिकाणांहून येतो. वाक्यांमध्ये शांत जागा असली की बरेच छोटे स्पीकर वीज वाचवायला ॲम्प्लिफायर बंद करतात आणि पुन्हा लहर आली की चालू करतात. दुसरं, फाइल लूपवर असेल तर शेवट आणि सुरुवात जिथे जुळत नाही तिथे ठोका बसतो. दोन्ही टोकांना ५० मिलिसेकंदांचं फेड-इन, फेड-आउट दिलं की दुसरा 'टक्' जातो.

एक मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं: काही ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. ट्वीटरची, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, तार केसासारखी बारीक असते. गाण्यात १५ हजार हर्ट्झला जेमतेम ऊर्जा असते, म्हणून ट्वीटर टिकतो. रात्रभर अखंड त्याच पट्टीत जोर दिला तर तो तापून जळतो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. मुलगा त्याच खोलीत झोपत असेल तर फाइल लावूच नका.

आणि पैसे मोजून आणखी फाइली घेण्याआधी हे माहीत असू द्या. १९९१ मध्ये ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी स्मरणशक्ती व आत्मविश्वासाच्या अशा कॅसेटींची चाचणी घेतली. काहींच्या लेबलांची मुद्दाम अदलाबदल केली होती. कॅसेटीत काय आहे त्याप्रमाणे कुणालाच फायदा दिसला नाही; लेबलावर जे लिहिलं होतं, ते सुधारल्यासारखं मात्र बऱ्याच जणांना वाटलं. झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, चालू गोळ्या फाइलच्या भरवशावर थांबवू नका.

प्रश्न: लॅपटॉपला जोडलेल्या स्पीकरमधून फाइल लावली नसतानाही सतत 'भूं' येतं. इमारत जुनी आहे. – एक वाचक, गिरगाव

उत्तर: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. 'भूं' गेलं तर हा अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) आहे. लॅपटॉप, स्पीकर आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स वेगवेगळ्या सॉकेटांतून अर्थिंगला जोडले गेले की त्यांच्यातल्या तारेतून ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा प्रवाह वाहू लागतो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, टीव्ही जोडलेला असेल तर केबलची वायर काढून बघा. तरी राहिलं तर लॅमिंग्टन रोडवर ३.५ मिमी जॅकचा ग्राउंड लूप आयसोलेटर (हा फेरा तोडणारी डबी) मिळतो, तो लॅपटॉप आणि स्पीकरच्या मध्ये लावा. जुन्या घरांत तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून दोन पिनांत घालायची सवय असते. 'भूं' जातं, पण दोष आला तर धातूच्या आवरणात थेट वीज उतरते. कधीही करू नका.

प्रश्न: पंखा चालू असतानाच स्पीकर 'झर्र' करतो. – एक वाचक, बोरिवली

उत्तर: रेग्युलेटर पाचवर नेऊन बघा. थांबलं तर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोषी: तो विजेची लहर मधूनच कापून वेग कमी करतो आणि त्या धक्क्यांचा आवाज तारेत शिरतो. कपॅसिटरचा, टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. थांबलं नाही तर ऑडिओची तार पंख्याच्या वायरिंगपासून दूर न्या आणि शक्य तितकी आखूड ठेवा. पावसाळ्यात जॅक हलवला की खरखर येत असेल, तर तो दमट हवेने चढलेला थर. स्पीकर बंद करून जॅक आत-बाहेर पंधरा-वीस वेळा फिरवा. नाहीच गेली तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन प्लग पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या.