होणाऱ्या जोडीदाराची नादारी आणि तुमची पत
ताई, होणाऱ्या यजमानांच्या नादारीमुळे लग्नानंतर तुमची पत बिघडेल का, असे तुम्ही विचारले आहे. ते पूर्वी नादार, म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ, ठरले असले, तरी केवळ लग्नामुळे तुमचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारे पतगुण) घसरणार नाही, कारण पतइतिहास ज्याच्या-त्याच्या नावावर, पॅन क्रमांकासह, स्वतंत्रपणे नोंदवला जातो. खरी अडचण ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावर तुम्ही घेऊ पाहत असलेल्या घरासाठी दोघांच्या नावाने गृहकर्ज मागाल तेव्हा येईल. बँक दोघांचेही पतअहवाल तपासते, आणि पुढे हप्ता थकला तर त्याची नोंद तुमच्याही अहवालात होते. तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसत असेल, तर ते एकटीनेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या जुन्या कर्जाला जामीन मात्र अजिबात राहू नका. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या देशातील चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देतात. साखरपुड्याआधी दोघांनी ते एकत्र बसून वाचावेत.